अकरा तास अगोदर

२९ जून २०२२ च्या रात्री पावणेबाराच्या सुमारास उद्धव ठाकरे स्वतः गाडी चालवत मलबार हिलवरच्या राजभवनात शिरले. आदित्य आणि तेजस ही दोन्ही मुले बरोबर होती. राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांच्याकडे मुख्यमंत्रिपदाचा राजीनामा देऊन ते बाहेर पडले, तेव्हा विधानसभेतल्या बहुमत चाचणीला अकरा तास उरले होते. ती चाचणी झालीच नाही.

शिवसेनेच्या फुटीची गोष्ट सांगणारे बहुतेक जण सुरतेपासून सुरुवात करतात आणि गुवाहाटीत रमतात. फूट तिथेच पडली, याबद्दल वाद नाही. पण फुटीतून ही संघटना याआधीही गेली होती. १९९१ मध्ये छगन भुजबळ आमदार घेऊन गेले, २००५ मध्ये नारायण राणे गेले, त्याच वर्षअखेरीस राज ठाकरे बाहेर पडले. प्रत्येक वेळी पक्ष संपल्याचे मथळे छापून आले आणि प्रत्येक वेळी पक्ष उरला. २०२२ मध्ये जे झाले ते वेगळे होते, कारण या वेळी पक्षाचे नाव आणि धनुष्यबाण हे चिन्ह दोन्ही गेले, आणि परत मिळवण्याची कायदेशीर वाटही अरुंद झाली. ती वाट अरुंद केली ती आमदारांनी नव्हे, असे माझे मत आहे. म्हणून इथले तास राजभवनातल्या त्या भेटीपासून मागे मोजले आहेत.

ज्यांच्यावर ही वेळ आली ते गृहस्थ राजकारणात तसे उशिराच आले. कॅमेरा घेऊन जंगलात आणि हेलिकॉप्टरमधून गडकोटांवर रमणारा माणूस. जानेवारी २००३ मध्ये महाबळेश्वरच्या शिबिरात ते कार्याध्यक्ष झाले. ठराव मांडला होता राज ठाकरे यांनीच. २०१२ मध्ये बाळासाहेब गेल्यावर पक्ष त्यांनी ताब्यात ठेवला, २०१४ ची विधानसभा युती तुटल्यावर स्वबळावर लढवली, आणि २८ नोव्हेंबर २०१९ रोजी शिवाजी पार्कवर मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. निवडणूक न लढवण्याची घराण्याची रीत आदित्यने वरळीत मोडली होती. सत्तेच्या खुर्चीत न बसण्याची रीत वडिलांनी मोडली. करोनाच्या काळात फेसबुकवरून शांतपणे, घरच्या माणसासारखे बोलणारा मुख्यमंत्री लोकांना आवडला. नोव्हेंबर २०२१ मध्ये मानेच्या मणक्याची शस्त्रक्रिया झाली आणि ते बरेच दिवस दिसेनासे झाले. आमदारांना तर ते त्याआधीपासूनच दिसत नव्हते, असे आमदार म्हणत. जून २०२१ मध्ये ठाण्याचे प्रताप सरनाईक यांनी पत्र लिहून तपास यंत्रणांच्या जाचाचा पाढा वाचला होता आणि भाजपशी जुळवून घ्या, असे सुचवले होते. ते पत्र वर्तमानपत्रांतून गाजले आणि विसरले गेले.

सोमवार, २० जून, दुपारचे ४. राजीनाम्याला २२४ तास.

विधान परिषदेच्या दहा जागांसाठी मतदान संपले. उमेदवार अकरा, म्हणजे एक पडणार हे ठरलेले. दहा दिवसांपूर्वी राज्यसभेच्या सहाव्या जागेवर भाजपच्या धनंजय महाडिक यांनी शिवसेनेच्या संजय पवार यांना पाडले होते. तो धक्काच होता, पण राज्यसभेचे मतदान उघड असते. आमदाराने मतपत्रिका आपल्या पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवायची असते. त्यामुळे दोष अपक्षांवर आणि बाद झालेल्या एका मतावर टाकता आला. परिषदेचे मतदान मात्र गुप्त. मनात काय आहे ते कुणालाही न दाखवता पेटीत टाकण्याची पहिली संधी आमदारांना त्या सोमवारी मिळाली.

मोजणी आक्षेपांमुळे रखडली आणि रात्री निकाल आला. १०६ आमदारांच्या भाजपला १३० हून अधिक मते पडली आणि पाचही उमेदवार निवडून आले. शिवसेनेचे सचिन अहिर आणि आमश्या पाडवी आले, काँग्रेसचे भाई जगताप आले, चंद्रकांत हंडोरे पडले. दूरचित्रवाणीवर काँग्रेसची मते कुठे गेली याची चर्चा रंगली. शिवसेनेतही तोवर हीच चर्चा चालू असावी, कारण आपल्या पक्षाचा गटनेता, नगरविकास मंत्री एकनाथ शिंदे फोन उचलत नाहीत, ही बातमी जरा उशिराच पसरली.

त्याच संध्याकाळी गाड्या निघाल्या होत्या. उस्मानाबादचे आमदार कैलास पाटील यांनी नंतर सांगितलेली हकिकत अशी की, ठाण्याला जायचे म्हणून त्यांना गाडीत बसवले. ठाणे मागे पडले, घोडबंदर मागे पडले, गाडी गुजरातच्या दिशेने धावू लागली. सीमेवरच्या नाक्याजवळ वाहनांची रांग लागली तेव्हा लघुशंकेचे निमित्त करून ते उतरले, अंधारात आणि पावसात काही किलोमीटर चालले, मग एका दुचाकीवर, मग एका ट्रकमध्ये बसून मुंबईकडे परतले. सगळ्या प्रकरणातला हा एकच प्रसंग असा आहे की ज्यात कुणीतरी चालले. बाकी सर्व प्रवास वातानुकूलित.

मंत्र्याबरोबर पोलीस संरक्षण असते. त्या रात्री एकापेक्षा अधिक मंत्री राज्याची हद्द ओलांडून गेले. गृहखाते शिवसेना, काँग्रेस आणि राष्ट्रवादीच्या सत्ताधारी महाविकास आघाडीकडेच होते आणि पोलीस यंत्रणा रोज मुख्यमंत्र्यांना माहिती देते, अशी आपली समजूत असते. ती समजूत त्या रात्री खोटी ठरली, की माहिती आली आणि कुणी वाचलीच नाही, यावर आघाडीतल्या कुणीही आजवर समाधानकारक उत्तर दिलेले नाही.

मंगळवार, २१ जून, सकाळचे ८. राजीनाम्याला २०८ तास.

सुरतेच्या ल मेरिडियन हॉटेलभोवती गुजरात पोलिसांचा वेढा आणि त्याबाहेर मराठी वाहिन्यांच्या गाड्या. आत किती जण, हा एकच प्रश्न. दहा, पंधरा, पंचवीस असा आकडा तासागणिक वाढत गेला.

इथे ज्यांचे नाव पुढे आले ते शिंदे कोण, हे पक्षाला सांगण्याची गरज नव्हती. आनंद दिघे यांच्या मुशीतून आलेला ठाण्याचा शाखाप्रमुख, नगरसेवक, मग कोपरी-पाचपाखाडीचा आमदार. ऑक्टोबर २०१९ मध्ये विधिमंडळ गटनेता म्हणून त्यांचे नाव सुचवले ते आदित्य ठाकरे यांनी. आमदाराला मतदारसंघात निधी हवा असतो, बदली हवी असते, रात्री अकराला फोन केला तर उचलणारा माणूस हवा असतो. अडीच वर्षे तो फोन शिंदे उचलत होते. मे महिन्यात दिघे यांच्यावरचा ‘धर्मवीर’ हा चित्रपट आला तेव्हा चित्रपटगृहात नेमके कुणाचे राजकारण उभे राहत होते, हे मातोश्रीवर कुणाच्या ध्यानात आले असेल तर त्यांनी ते बोलून दाखवले नाही.

दुपारपर्यंत शिवसेनेने शिंदे यांना गटनेतेपदावरून काढले आणि शिवडीचे अजय चौधरी यांना नेमले. शिंदे यांनी ट्विट करून आपण बाळासाहेबांचे शिवसैनिक आहोत आणि त्यांच्या विचारांशी, दिघे यांच्या शिकवणीशी प्रतारणा करणार नाही, असे जाहीर केले. उद्धव यांचे विश्वासू मिलिंद नार्वेकर आणि ठाण्याचे रवींद्र फाटक सुरतेला जाऊन भेटले. फोनवर पक्षप्रमुखांशी बोलणेही झाले. भाजपबरोबर चला, ही मागणी होती. ती मान्य होणार नव्हती, आणि झाली असती तरी मातोश्रीचा शब्द कितपत चालेल, याचा भरवसा आता उरला नव्हता.

त्या दिवशीची खरी कामाची गोष्ट मात्र वेगळीच होती आणि तिच्याकडे कॅमेरे फिरकले नाहीत. बंडखोरांनी विधानसभेचे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांना हटवण्याची नोटीस दिली. उपाध्यक्षांना का? कारण अध्यक्षाची खुर्ची रिकामी होती. नाना पटोले यांनी फेब्रुवारी २०२१ मध्ये काँग्रेसचे प्रदेशाध्यक्ष होण्यासाठी अध्यक्षपद सोडले आणि त्यानंतर सोळा महिने महाराष्ट्राच्या विधानसभेला अध्यक्षच नव्हता. डिसेंबर २०२१ मध्ये आघाडीने गुप्त मतदानाऐवजी आवाजी मतदानाने निवड करण्यासाठी नियम बदलले, राज्यपालांनी तारीख दिली नाही, आघाडीनेही विषय सोडून दिला. पक्षांतरबंदीच्या खटल्यात न्यायाधीश असतो तो अध्यक्ष. फुटीच्या वेळी हाताशी अध्यक्ष नसणे म्हणजे काय, हे कळायला २१ जून उजाडावा लागला. अरुणाचल प्रदेशातल्या नबाम रेबिया प्रकरणात २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की, ज्याच्या विरोधात हटवण्याची नोटीस प्रलंबित आहे त्या अध्यक्षाने आमदारांच्या अपात्रतेचा निर्णय करू नये. बंडखोरांच्या वकिलांनी तो निकाल वाचला होता. सत्ताधाऱ्यांच्या बाजूने तो कुणी आणि कधी वाचला, हे सांगता येत नाही.

बुधवार, २२ जून, सकाळचे ७. राजीनाम्याला १८५ तास.

विशेष विमान गुवाहाटीला उतरले. आपल्याबरोबर चाळीस आमदार असल्याचे शिंदे यांनी विमानतळावर सांगितले. आसामात तेव्हा महापुराने हाहाकार माजवला होता. पुराच्या त्या राज्यात रॅडिसन ब्लू हॉटेल महाराष्ट्राच्या आमदारांसाठी सज्ज झाले. सांगोल्याचे शहाजीबापू पाटील यांनी एका कार्यकर्त्याला फोनवर तिथले वर्णन केले, ‘काय झाडी, काय डोंगार, काय हाटील’, आणि उभा महाराष्ट्र हसला. त्या हसण्याने बंडखोरांचे मोठे काम केले. ज्याला ‘गद्दार’ म्हणून दार लावून घ्यायचे तो गावाकडचा गप्पिष्ट मामा वाटू लागला की राग टिकत नाही.

सकाळीच मुख्यमंत्र्यांना करोना झाल्याचे निष्पन्न झाले. राज्यपालही करोनामुळे रुग्णालयात. सरकार आणि राजभवन दोन्ही अंथरुणावर, आणि आमदार दोन हजारांहून अधिक किलोमीटरवर. शिवसेनेचे मुख्य प्रतोद सुनील प्रभू यांनी संध्याकाळी पाचच्या बैठकीला हजर राहण्याचा आदेश काढला. गुवाहाटीत ३४ जणांच्या सह्यांनी उलटा ठराव झाला: गटनेते शिंदेच, आणि प्रतोद प्रभू नव्हे, महाडचे भरत गोगावले. एका पक्षाला दोन प्रतोद झाले. हा तपशील लक्षात ठेवावा. वर्षभराने तो मोलाचा ठरणार होता.

बुधवार, २२ जून, संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास. राजीनाम्याला १७४ तास.

फेसबुकवर मुख्यमंत्री आले. समोर येऊन सांगा, मी मुख्यमंत्री नको असेन तर आत्ता पद सोडतो, पक्षप्रमुखपदही सोडतो, असा त्यांचा सूर होता. भाषण मनाला भिडणारे झाले. कुटुंबातला वडीलधारा रुसतो तसे.

पण त्यात एक मोठी चूक होती आणि ती भाषणाच्या प्रभावात झाकली गेली. सरकार वाचवायचे असेल तर प्रमुखाने सोडण्याची भाषा करायची नसते. कुंपणावर बसलेला आमदार त्या वेळी एकच गोष्ट पाहत असतो, की हा माणूस पुढच्या आठवड्यात खुर्चीवर असेल का. त्याला उत्तर खुद्द मुख्यमंत्र्यांनीच दिले.

आणि रात्री साडेनऊ-दहाच्या सुमारास ते उत्तर साऱ्या राज्याने पाहिले. मुख्यमंत्र्यांच्या ‘वर्षा’ बंगल्यातून बॅगा बाहेर पडल्या, गाडीवर फुले उधळली गेली, घोषणा झाल्या, आणि उद्धव सहकुटुंब वांद्र्याच्या मातोश्रीकडे निघाले. पद होते, बंगला सोडला. शरद पवार संध्याकाळीच येऊन गेले होते. आघाडीच्या दोन्ही मित्रपक्षांचा आग्रह लढण्याचाच होता. शिवसैनिकांच्या डोळ्यांत पाणी आले आणि नैतिकदृष्ट्या उद्धव त्या रात्री जिंकले, असे अनेकांनी लिहिले. असेलही. मतदाराच्या मनातली ती सहानुभूती पुढे २०२४ च्या लोकसभेत कामाला आली. पण २२ जूनच्या रात्री गुवाहाटीला मतदार नव्हते, आमदार होते.

२३ ते २६ जून.

हे चार दिवस दोन्हीकडच्या आवाजाचे. संभाजीनगरचे संजय शिरसाट यांचे पत्र शिंदे यांनी जाहीर केले. वर्षाची दारे आमदारांना बंद होती, भोवतालचे बडवे भेटू देत नव्हते, आदित्यबरोबर अयोध्येला जाऊ दिले नाही, अशी त्यात गाऱ्हाणी. सतरा वर्षांपूर्वी राज ठाकरे यांनी पक्ष सोडताना हेच म्हटले होते, जवळजवळ याच शब्दांत. इतक्या अंतराने तीच तक्रार पुन्हा येत असेल तर ती केवळ निमित्त म्हणून झटकता येत नाही. निधीवाटपात राष्ट्रवादीची चलती होती, हेही गाऱ्हाणे खोटे म्हणणारा शिवसेनेचा आमदार, उरलेल्यांतसुद्धा, सापडला नाही.

संजय राऊत यांनी चोवीस तासांत परत या, आघाडीतून बाहेर पडण्याचाही विचार करू, असे म्हटले. मित्रपक्ष चपापले, परत कुणी आले नाही. उलट रोज कुणीतरी विमान पकडत होते. २६ तारखेला मंत्री उदय सामंतही गुवाहाटीला पोहोचले. २५ तारखेला झिरवाळ यांनी सोळा आमदारांना अपात्रतेच्या नोटिसा काढल्या: सोमवारी, २७ जूनला संध्याकाळी साडेपाचपर्यंत उत्तर द्या. दोन दिवसांची मुदत, त्यातला एक रविवार. घाई न्यायालयाच्या नजरेत भरेल अशी.

सोमवार, २७ जून, दुपार. राजीनाम्याला ५८ तास.

न्यायमूर्ती सूर्य कांत आणि जे. बी. पारडीवाला यांच्या खंडपीठाने सोळा आमदारांची मुदत १२ जुलैपर्यंत वाढवली. म्हणजे तोवर अपात्रतेचा निर्णय नाही. शिवसेनेच्या वकिलांनी मग तोवर बहुमत चाचणीही नको, असे मागितले. न्यायालय म्हणाले, घडलेच नाही त्यावर आदेश कसा द्यायचा. काही बेकायदा झाले तर या.

फासे इथे पडले. अपात्रता थांबली, चाचणी थांबली नाही. त्याच दिवशी मुख्यमंत्र्यांनी नऊ बंडखोर मंत्र्यांची खाती काढून घेतली आणि राऊत यांना ईडीचे समन्स आले. खाती काढणे योग्यच होते, फक्त बंड होऊन आठवडा उलटला होता.

मंगळवार, २८ जून, रात्रीचे १०. राजीनाम्याला २६ तास.

दिल्लीहून परतलेले देवेंद्र फडणवीस राजभवनात पोहोचले. करोनातून बरे होऊन राज्यपाल दोन दिवसांपूर्वीच परतले होते. सरकार अल्पमतात आहे, बहुमत सिद्ध करायला सांगा, असे पत्र फडणवीसांनी दिले. दुपारीच उद्धव यांनी गुवाहाटीतल्या आमदारांना, अजून वेळ गेलेली नाही, समोर येऊन बोला, असे आवाहन केले होते. वेळ गेलेली होती.

राज्यपालांनी रातोरात आदेश काढला: ३० जूनला सकाळी अकरा वाजता विधानसभेचे विशेष अधिवेशन, एकच विषय, संध्याकाळी पाचपर्यंत संपवायचे. ज्या राजभवनाने विधान परिषदेच्या बारा नियुक्त सदस्यांची यादी नोव्हेंबर २०२० पासून उघडली नव्हती, त्याची ही तत्परता होती.

बुधवार, २९ जून, संध्याकाळचे ५. राजीनाम्याला पावणेसात तास.

एकाच वेळी तीन ठिकाणी तीन गोष्टी घडत होत्या. दिल्लीत सुनील प्रभूंच्या याचिकेवर सुनावणी सुरू झाली. त्यांच्या बाजूने अभिषेक मनू सिंघवी, बंडखोरांकडून नीरज किशन कौल, राज्यपालांकडून तुषार मेहता. गुवाहाटीहून बंडखोर गोव्याला निघाले, म्हणजे मुंबईपासून तासाभराच्या विमान प्रवासावर. आणि मंत्रालयात मंत्रिमंडळाची बैठक बसली.

त्या बैठकीत औरंगाबादचे संभाजीनगर, उस्मानाबादचे धाराशिव आणि नवी मुंबई विमानतळाला दि. बा. पाटील यांचे नाव, असे ठराव झाले. काँग्रेस आणि राष्ट्रवादीने विरोध केला नाही. ज्या हिंदुत्वाच्या नावाने घरातले लोक निघून गेले होते, त्यांना उत्तर म्हणून मुख्यमंत्र्यांनी हे केले, हे उघड आहे. बाळासाहेबांनी संभाजीनगर म्हणायला सुरुवात केली त्याला तीन दशके उलटली होती. अडीच वर्षे मुख्यमंत्रिपद हाती असताना ते झाले नाही, शेवटच्या संध्याकाळी झाले. शेवटी त्यांनी सहकाऱ्यांचे आभार मानले, आपल्याच माणसांनी दगा दिला म्हणाले, काही दुखावले असेल तर माफ करा म्हणाले. मंत्री बाहेर आले ते निरोप समारंभ आटोपल्यासारखे. न्यायालयात मात्र तेव्हा युक्तिवाद चालूच होता.

रात्रीचे ९. राजीनाम्याला पावणेतीन तास.

आदेश आला. चाचणीला स्थगिती नाही. तुरुंगात असलेले नवाब मलिक आणि अनिल देशमुख यांना मतदानाची मुभा. वाहिन्यांनी एवढेच सांगितले आणि ते सांगण्यासारखेही एवढेच वाटत होते.

पण त्या आदेशात आणखी एक वाक्य होते. उद्याच्या चाचणीचा निकाल या याचिकेच्या अंतिम निकालाच्या अधीन राहील, असे न्यायालयाने म्हटले होते. म्हणजे हरलात तरी ते हरणे शेवटचे नाही. पुढे राज्यपालांचा आदेश चुकीचा ठरला, तर त्या आदेशाखाली झालेल्या मतदानाचा विचार करता येईल. दार किलकिले ठेवले होते. त्यातून आत जाण्याची अट एकच होती, ती म्हणजे सकाळी अकरा वाजता सभागृहात उपस्थित राहणे.

अर्ध्या-पाऊण तासात उद्धव फेसबुकवर होते.

त्यांनी शरद पवार आणि सोनिया गांधी यांचे आभार मानले. बारा सदस्यांच्या यादीवरून राज्यपालांना टोमणा मारला. डोकी मोजण्याच्या या खेळात आपल्याला रस नाही, असे सांगितले. मुंबईत येणाऱ्या आमदारांच्या वाटेत शिवसैनिकांनी येऊ नये, असे बजावले. रस्त्यावर रक्त सांडू न देण्याचे श्रेय त्यांना द्यावेच लागेल, कारण त्या रात्री एक इशारा पुरला असता. आणि मुख्यमंत्रिपदाचा, त्याचबरोबर विधान परिषदेच्या सदस्यत्वाचा राजीनामा जाहीर केला.

इथे कुणी विचारेल, दुसरे काय करायचे होते? आकडे तर गेलेच होते. खरे आहे. ५५ पैकी ३९ पलीकडे होते, पराभव अटळ होता. चार जुलैला शिंदे सरकारने विश्वासदर्शक ठराव जिंकला तो १६४ विरुद्ध ९९ असा. अडीच वर्षांपूर्वी याच टप्प्यावर फडणवीसांनीही तेच केले होते: २६ नोव्हेंबर २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या दिवशी चाचणी घ्यायला सांगितली आणि त्यांनी काही तासांत राजीनामा दिला. वाजपेयी १९९६ मध्ये लोकसभेत भाषण करून मतदानाआधी राजीनामा द्यायला गेले आणि ते भाषण अजरामर झाले. राजीनाम्याला आपल्याकडे प्रतिष्ठा आहे.

फरक इतकाच की त्या दोघांच्या पक्षात दुसऱ्या कुणी हक्क सांगितलेला नव्हता. उद्धव यांचा खटला सरकारचा नव्हता, पक्षाचा होता. सभागृहात मतदान झाले असते तर प्रभूंचा पक्षादेश लागू झाला असता, ३९ जणांनी तो मोडल्याची नोंद एकेका नावानिशी झाली असती, आणि कुणाचा प्रतोद खरा हा प्रश्न त्याच दिवशी, मुख्यमंत्री कोण हे ठरण्याआधीच, कागदावर आला असता. पराभवाचा तो कागद म्हणजेच पुढच्या लढाईचा पुरावा होता. बोलावलेल्या मैदानात न जाता घरातून निरोप पाठवल्याने तो पुरावा तयारच झाला नाही.

एवढे कायदेपंडित भोवती असताना हे त्यांना कुणी सांगितले नसेल? सांगितले असेल, असे मी धरून चालतो. पण आपल्याच माणसांनी हात वर करून आपल्याविरुद्ध मत देताना पाहणे नको, या भावनेपुढे कायदा थिटा पडला असावा. ती भावना समजण्यासारखी आहे. पक्षप्रमुखाला ती परवडणारी नव्हती.

रात्री पावणेबारा.

राजीनामा राज्यपालांच्या हाती. तो लगेच स्वीकारला गेला. मध्यरात्रीपूर्वी चाचणीचे कारणच संपले आणि अधिवेशन रद्द झाले. दुसऱ्या दिवशी दुपारी फडणवीसांनी शिंदे मुख्यमंत्री होतील असे जाहीर केले, आपण बाहेर राहू म्हणाले, आणि संध्याकाळी साडेसातला दिल्लीच्या सांगण्यावरून उपमुख्यमंत्री म्हणून शपथ घेतली. तो धक्का शिवसेनेइतकाच भाजपच्या कार्यकर्त्यांनाही बसला. ३ जुलैला राहुल नार्वेकर अध्यक्ष झाले. सोळा महिने रिकामी असलेली खुर्ची तीन दिवसांत भरली आणि अपात्रतेचा निवाडा त्या खुर्चीकडे गेला.

१७ फेब्रुवारी २०२३ ला निवडणूक आयोगाने पक्षाचे नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला दिले.

११ मे २०२३ ला सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पाच सदस्यांच्या घटनापीठाने एकमताने निकाल दिला, आणि त्यातले बरेच काही उद्धव यांच्या बाजूचे होते. राज्यपालांनी चाचणी बोलावली ती चूक, कारण सरकारने बहुमत गमावल्याचे मानण्याजोगे काही त्यांच्यापुढे नव्हते. पक्षातल्या भांडणात पडणे हे राज्यपालांचे काम नव्हे. गोगावले यांना प्रतोद म्हणून अध्यक्षांनी दिलेली मान्यता बेकायदा. प्रतोद नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा, विधिमंडळ गटाचा नव्हे. एवढे सगळे म्हणून झाल्यावर न्यायालयाने सांगितले की पूर्वस्थिती मात्र परत आणता येणार नाही, कारण ठाकरे चाचणीला सामोरे गेले नाहीत, त्यांनी राजीनामा दिला. स्वेच्छेने दिलेला राजीनामा न्यायालय रद्द करू शकत नाही.

पूर्वस्थिती आणणे न्यायालयाला अशक्य नसते. अरुणाचलच्या नबाम तुकी यांना जुलै २०१६ मध्ये त्याच न्यायालयाने पुन्हा मुख्यमंत्रिपदावर बसवले होते. तुकी तीन-चार दिवसांतच पायउतार झाले, कारण आमदार त्यांच्याबरोबर नव्हते. उद्धव यांचेही कदाचित तेच झाले असते. पण आपले सरकार बेकायदा पाडले गेले, हा न्यायालयाचा शिक्का आणि ती खुर्ची, दोन्ही हाती असताना पायउतार होणे, आणि नुसता शिक्का घेऊन घरी बसणे, यांत फार अंतर आहे.

१० जानेवारी २०२४ ला अध्यक्ष नार्वेकर यांनी शिंदे यांचीच शिवसेना खरी ठरवली आणि दोन्ही बाजूंचा एकही आमदार अपात्र केला नाही. त्या वर्षीच्या लोकसभेत उद्धव यांचे ९ खासदार आले, शिंदे यांचे ७. नोव्हेंबरच्या विधानसभेत शिंदे यांचे ५७ आमदार आले, उद्धव यांचे २०.

२९ जूनच्या रात्री जाहीर केलेल्या दोन राजीनाम्यांपैकी विधान परिषदेचा राजीनामा तोंडीच राहिला. डिसेंबर २०२२ मध्ये उद्धव ठाकरे नागपूरच्या अधिवेशनाला आले आणि परिषदेत सदस्य म्हणून उभे राहून सीमाप्रश्नावर बोलले.